ठिणगी किती मागे घ्यायची : प्रस्तावना

सोलापूरच्या माणसाला टायमिंग म्हणजे काय हे मुळापासून समजावून सांगावं लागत नाही. इथल्या कित्येक घरांची रोजीरोटी यंत्रमागावर चालली, आणि मागावर धोटा नेमका कधी सुटतो यावर कापडाचं बरंवाईट ठरतं. ताण्याचे धागे पुरते उघडण्याआधी धोटा सुटला तर धागे तुटतात. उशिरा सुटला तर मिटत चाललेल्या धाग्यांत तो अडकतो. जॉबर मागाचा क्रँक हाताने हळूहळू फिरवतो, तो क्षण डोळ्यांनी पाहतो, नट सैल करून बसवतो आणि मग माग चालू करतो. पेट्रोल इंजिनात धोट्याच्या जागी ठिणगी आहे.

ही पुस्तिका ठिणगी मुद्दाम उशिरा पाडणाऱ्या साधनांविषयी आहे. गॅरेजच्या भाषेत टायमिंग रिटार्ड करणाऱ्या बॉक्सविषयी, त्याच्या वायरिंगविषयी आणि तो कधी चालू व्हावा, कधी बंद राहावा याविषयी. शर्यतीसाठी तयार केलेल्या, टर्बो किंवा नायट्रस बसवलेल्या गाड्यांपुरता हा विषय आहे असं वरवर वाटेल. पण तो नीट समजला की कोणतंही पेट्रोल इंजिन अधिक चांगलं कळतं. म्हणून गॅरेजमधले मिस्त्री, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असे तिन्ही वाचक समोर ठेवून ती लिहिली आहे.

आधी थोडं मुळाशी जाऊ. सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण बॉम्बसारखं एकदम उडत नाही. प्लगपाशी आग लागते आणि ती सिलिंडरच्या भिंतीकडे पसरत जाते. याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक 18 अंश फिरतो. 6000 वर 36 अंश. म्हणजे आग पुरती पसरेपर्यंत पिस्टन बराच पुढे गेलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पाडावी लागते. हाच अ‍ॅडव्हान्स. सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो: सिलिंडरमधला दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली वळल्यावर सुमारे 15 अंशांच्या आसपास शिगेला पोचावा. त्याच वेळी कनेक्टिंग रॉड क्रँकला सर्वांत चांगला रेटा देतो.

ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब वाढतो. कोपऱ्यात उरलेलं, न जळलेलं मिश्रण त्या दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटतं. त्याचा जो खणखणाट ऐकू येतो त्याला आपण नॉकिंग म्हणतो. हलकं नॉकिंग इंजिन काही काळ सोसतं. टर्बोच्या दाबाखाली झालेलं नॉकिंग मात्र काही सेकंदांत पिस्टनच्या रिंगांमधला काठ तोडतं. प्लग काढून पाहिला तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके दिसतात. त्यातले काही चमकतात. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असतं. असा प्लग हातात आला की पुढे गाडी पळवायची नाही, इंजिन उघडायचं.

या विषयाचं सोलापूरशी असलेलं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 1882 सालचा, सोलापुरातलाच. त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि पुढे तिथून फियाट 1100 व तिचीच वंशज पद्मिनी बाहेर पडली. 68 मिलिमीटर बोअर, 75 मिलिमीटर स्ट्रोक, 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. मुंबईच्या टॅक्सीत ते 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत धावलं. महाराष्ट्रातल्या मिस्त्र्यांची एक पिढी टायमिंग शिकली ती याच गाडीवर. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत डेल्कोचा, बोल्ट सैल करायचा, तो किंचित फिरवायचा, गाडी चढाला वरच्या गिअरमध्ये घालून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. खणखण आली की केसभर मागे घ्यायचं. कानाने केलेलं ते काम आजही आदराने पाहावं असं आहे. त्यातली एक गोष्ट नवशिके हमखास विसरतात: डेल्को कॅमशाफ्टच्या चालीने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. डेल्को एक अंश हलवला की क्रँकच्या हिशोबात टायमिंग दोन अंशांनी बदलतं. आणि कॅमशाफ्टचं म्हणाल, तर 1992 साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरचीच कंपनी देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. इंजिनाच्या वेळेचा एक मोठा भाग या शहरात ओतला आणि घासला जातो. इथल्या गॅरेजमध्ये त्या वेळेचं शास्त्र तेवढ्याच नेमकेपणाने वापरलं जावं, ही माझी या पुस्तिकेमागची इच्छा आहे.

ठिणगी मागे घेण्याची गरज मोटारीइतकीच जुनी. फोर्डच्या मॉडेल टीला स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीचा दांडा होता. हँडल मारण्याआधी तो रिटार्डवर आणायचा. विसरलं तर इंजिन उलट झटका देई आणि मनगट मोडे. जुन्या बुलेटवर किक मारलेल्यांना हा झटका ठाऊक आहे. टायमिंग पुढे गेलेली बुलेट पायाला कशी फेकते ते विसरायला होत नाही. पुढे गोल फिरणाऱ्या वजनांनी आणि व्हॅक्युमच्या डबीने हे काम आपोआप होऊ लागलं आणि दांडा गेला. टर्बो आल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला, कारण वजनांना फक्त आरपीएम कळतो, टर्बोने किती हवा कोंबली ते कळत नाही. 1978 मध्ये ब्यूइकने टर्बो व्ही-6 इंजिनाला नॉकिंग ऐकून ठिणगी मागे घेणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था दिली. बाजारात सुटे मिळणारे रिटार्ड बॉक्स याच गरजेतून आले.

या बॉक्सचं काम सांगायला सोपं आहे. ठिणगीची वेळ कळवणाऱ्या पिकअपकडून ‘आता’ असा इशारा येतो. बॉक्स तो काही क्षण धरून ठेवतो आणि मग कॉइलला सोडतो. टर्बोसाठीच्या बॉक्सवर एक नॉब असतो. दर पीएसआय बूस्टमागे किती अंश मागे यायचं ते त्यावर ठरवायचं. एकूण अ‍ॅडव्हान्स 32 अंश, बूस्ट 7 पीएसआय आणि नॉब एका अंशावर असेल, तर ठिणगी 25 अंशांवर पडेल. नायट्रसचा बॉक्स एका वायरीला 12 व्होल्ट मिळाले की ठरलेले अंश एकदम मागे घेतो. नायट्रसने वाढणाऱ्या दर 50 हॉर्सपॉवरमागे सुमारे 2 अंश असा ठोकताळा आहे. तिसरा प्रकार स्टार्टरच्या वेळी टायमिंग मागे ठेवणारा. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात स्टार्टर मोटर अडखळू नये म्हणून तो लागतो.

आता या पुस्तिकेचा गाभा असलेली गोष्ट सांगतो. बॉक्सला थांबवून धरता येतं, आधी सोडता येत नाही. इशारा यायच्या आधी ठिणगी पाडणं त्याच्या हातात नाही. त्यामुळे असे बॉक्स लावलेल्या गाडीत मूळ टायमिंग पुढे ठेवलेलं असतं आणि गरज पडेल तेव्हा बॉक्स ते मागे ओढतो. याचा अर्थ असा की बॉक्सची वायर तुटली, अर्थ सुटला, बूस्टचा रबरी पाइप निसटला, तर इंजिनाला पूर्ण अ‍ॅडव्हान्स मिळतो, आणि तोही नेमका त्या क्षणी जेव्हा तो सर्वांत घातक असतो. बिघाड झाल्यावर वस्तू सुरक्षित बाजूला पडावी, हा वीजकामातला पहिला धडा. इथे ती उलट बाजूला पडते. ही उणीव बॉक्स बदलून जात नाही, वायरिंगनेच भरून काढावी लागते. आपल्याकडे बॉक्सवर हजारो रुपये खर्च होतात आणि वायरिंग मात्र उरलेल्या तासाभरात, उरलेल्या वायरीत उरकलं जातं. हे बदललं पाहिजे.

म्हणून वायरिंगच्या प्रकरणाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. त्यातले काही मुद्दे इथेच मांडतो.

कपॅसिटर डिस्चार्ज पद्धतीचे जे इग्निशन बॉक्स शर्यतीच्या गाड्यांत सर्रास दिसतात, त्यांतला एमएसडी कंपनीचा घेऊ. जाड लाल वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला. जाड काळी अर्थला. बारीक लाल इग्निशन स्विचमधून. नारिंगी कॉइलच्या पॉझिटिव्हला, बारीक काळी कॉइलच्या निगेटिव्हला. जांभळी आणि हिरवी मॅग्नेटिक पिकअपला. पॉइंट असतील तर पांढरी. नारिंगी वायर कॉइलखेरीज कशालाही जोडायची नाही, तिला टेस्ट लॅम्पसुद्धा लावायचा नाही. तिच्यात बॅटरीचे 12 व्होल्ट नसतात, 400 च्या वर असतात. बारीक लाल वायरीत सहसा फसगत होते. स्विचच्या ज्या टोकांवर चावी फिरवल्यावर करंट येतो, त्यातल्या काही टोकांवर स्टार्टर मारताना तो जातो. रेडिओच्या लाइनवरून वायर घेतली की गाडी स्टार्टरवर फिरत राहते, पेटत नाही, आणि दोष बॉक्सवर जातो. मल्टिमीटर लावून, स्टार्टर मारत असताना, त्या टोकाला व्होल्टेज टिकतं का ते पाहायचं.

अर्थविषयी थोडं सविस्तर. बॉडीला स्क्रू मारला की अर्थ झाला, ही समजूत पक्की बसलेली आहे. रंगावर बसलेला स्क्रू पावसाळ्यापर्यंत चालतो. जागा घासून पत्रा उघडा करायचा, थिंबल मशीनने दाबून बसवायचं, बॉक्सच्या अर्थला स्वतंत्र बोल्ट द्यायचा; फॅन आणि पेट्रोल पंपाच्या बोल्टवर तो चढवायचा नाही. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि तो बोल्ट यांच्यामध्ये मीटर धरून इंजिन फिरवायचं. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काम अजून झालेलं नाही.

पिकअपच्या दोन वायरी एकमेकींत पिळून न्यायच्या आणि प्लगच्या वायरींपासून लांब ठेवायच्या. त्या उलट्या जोडल्या तरी गाडी चालू होते, इथेच धोका आहे: टायमिंग भरकटतं, स्थिर राहत नाही, आणि माणूस दिवसभर डेल्को फिरवत बसतो. वायर निवडताना घरगुती फिटिंगची वायर घेऊ नये. तिच्यातल्या मोजक्या जाड तारा इंजिनाच्या थरथरीने आत तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पिळून टेप मारलेला जोड तर सोलापुरात टिकूच शकत नाही. पारा 43-44 अंशांवर जातो त्या दिवसांत बॉनेटखाली टेपचा डिंक वितळून वाहतो आणि दोन टोकं उघडी पडतात. बूस्टच्या पाइपचंही तेच. थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला, मॅनिफोल्डवरून तो सरळ घ्यायचा, दुसऱ्या कशालाही त्यावरून फाटा द्यायचा नाही, दोन्ही टोकांना क्लिप लावायची आणि दर उन्हाळ्याआधी बदलायचा. तो चिरला की बॉक्सच्या लेखी टर्बो अस्तित्वातच नसतो.

आता बॉक्स बिघडला की पूर्ण अ‍ॅडव्हान्स मिळतो, ती उणीव भरून काढण्याचा मार्ग. नायट्रसच्या सोलेनॉइडला करंट देणाऱ्या रिलेची 85 आणि 86 ही टोकं सर्वांना परिचित आहेत. त्या रिलेच्या कॉइलचा पुरवठा स्वतंत्र घ्यायचा नाही. रिटार्ड बॉक्सला जिथून पुरवठा जातो त्याच फ्यूजच्या पुढून घ्यायचा. आणि रिटार्ड चालू करणारी वायर रिलेच्या 87 वरून, सोलेनॉइडबरोबर. असं केल्यावर फ्यूज उडाला तर नायट्रसही थांबतो. शिवाय थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय आणि 3000 आरपीएमच्या वर गेल्याशिवाय रिले ओढलाच जाणार नाही, अशी दोन स्विचं त्याच मार्गात घालायची. सोलेनॉइड बंद होताना उलटा झटका देतो. तो बॉक्सपर्यंत पोचू नये म्हणून डायोड लावायचा. एवढं करायला फार तर अर्धा दिवस जातो आणि सामान काही शे रुपयांचं लागतं.

डेल्को असलेल्या गाडीत एक गोष्ट अनुभवी माणसाच्याही नजरेतून सुटते. बॉक्स ठिणगी थांबवतो, पण डेल्कोमधला रोटर थांबत नाही. क्रँकचे 20 अंश मागे घेतले तर तेवढ्या वेळात रोटर 10 अंश पुढे सरकलेला असतो. त्याचं टोक कॅपमधल्या पितळी खुंटीपासून दूर जातं, ठिणगीला लांब उडी मारावी लागते, आणि शेजारची खुंटी जवळ पडली तर ती तिकडेच जाते. पाहण्याची पद्धत सोपी आहे. जुन्या कॅपला एक नंबरच्या खुंटीजवळ भोक पाडायचं, रोटरच्या टोकावर पांढरी खूण करायची, इंजिन चालू ठेवून टायमिंग लाइट त्या भोकातून मारायचा. रिटार्ड चालू आणि बंद करत रोटर कुठवर सरकतो ते समोर दिसतं. दोन्ही स्थितींत टोक खुंटीच्या आसपास राहील असा मध्य साधायचा.

अलीकडच्या गाड्यांत डेल्को नाही. प्रत्येक प्लगवर कॉइल, आणि क्रँकपाशी दात असलेलं चाक. अनेक गाड्यांत साठ दातांच्या जागा, त्यातल्या दोन रिकाम्या. एकेक दात 6 अंशांचा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते दात मोजत राहतो. सुटे रिटार्ड बॉक्स इथे सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसतात आणि दातांचा इशारा उशिरा पोचवतात. पण या गाड्यांना स्वतःचा कान असतो: ब्लॉकला बोल्टने बसवलेला नॉक सेन्सर. साधारण 6 ते 8 हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला विशिष्ट नाद ओळखून ईसीयू आपणच ठिणगी मागे घेतो. त्या बोल्टचा ताण बहुतेक ठिकाणी 20 न्यूटन-मीटर असतो. अंदाजाने करकचून आवळला, खाली वॉशर घातला, तर सेन्सर बहिरा होतो. टर्बो गाड्या आता सामान्य माणसाच्या दारात उभ्या आहेत, आणि त्यांच्या कामात टॉर्क रेंच न वापरणं मला अक्षम्य वाटतं.

ठिणगी मागे घेणं म्हणजे निव्वळ सुरक्षितता, असाही समज दिसतो. तो चुकीचा आहे. फार मागे घेतली तर मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं. मॅनिफोल्ड लाल होतो, व्हॉल्व्ह आणि टर्बोचं चाक भाजतं, ताकद जाते. बीएस-6 गाड्यांत थंड इंजिन चालू झाल्यावर थोडा वेळ मुद्दाम असंच करतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. पण ते काही सेकंदांचं काम, मोजून केलेलं. लागतील तेवढेच अंश, लागतील तेवढाच वेळ, एवढंच खरं.

सोलापूर जिल्ह्यात हा विषय आणखी एका दाराने आत येतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यातून इथेनॉल निघतं आणि पेट्रोलमध्ये मिसळतं. आता पंपावर 20 टक्क्यांचं मिश्रण मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो. ते बाष्प होताना मिश्रणाला गारही करतं. म्हणजे नॉकिंगला विरोध वाढतो. पण त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग प्राणवायूचा असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. तेव्हा ऑक्टेन वाढला म्हणून टायमिंग पुढे ढकलण्याआधी मिश्रण तपासलं पाहिजे. सीएनजीची गोष्ट याच्या उलट: गॅस सावकाश जळतो, त्याला अ‍ॅडव्हान्स जास्त लागतो, आणि किटमधला अ‍ॅडव्हान्स प्रोसेसर पेट्रोलवर आल्यावर बंद झाला नाही तर गाडी खणखणते. अशा तक्रारीचं मूळ अनेकदा एका सुटलेल्या वायरीत सापडतं.

कायद्याविषयी आडपडदा नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी दूर नेणारे बदल चालत नाहीत, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं आहे. या पुस्तिकेतली नायट्रस आणि वाढीव बूस्टची प्रकरणं ट्रॅकवर नेण्याच्या गाड्यांसाठी आहेत. विजापूर रोडवर रात्री गाड्या पळवणाऱ्यांसाठी ती लिहिलेली नाहीत, आणि तशा कामासाठी कोणी गाडी घेऊन आलं तर मिस्त्र्याने नाही म्हणावं.

आमच्या इथल्या गॅरेजमध्ये मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात येतात. म्हणून पुस्तिकेत शब्द तेच ठेवले आहेत जे हातात पाना असताना तोंडात येतात. सर्किट काढताना रंगीत खुणा मोठ्या दिल्या आहेत, म्हणजे पान बॉनेटखाली टेकवून वाचता येईल. वालचंद इन्स्टिट्यूटसारख्या कॉलेजांतल्या मुलांनी गणिताची प्रकरणं आधी वाचावीत, मिस्त्र्यांनी शेवटून सुरुवात केली तरी चालेल.

एक विनंती मात्र सर्वांनाच. काम पुरं झालं की साधा टायमिंग लाइट घ्या. डायल असलेला नको. एकाच वेळी अनेक ठिणग्या पाडणाऱ्या बॉक्सवर तो चुकीचे अंश दाखवतो. साधा लाइट एक नंबरच्या प्लगला लावा. नायट्रसची बाटली बंद ठेवा, इंजिन 3000 आरपीएमवर स्थिर धरा आणि रिटार्डच्या वायरीला 12 व्होल्ट द्या. पुलीवरची खूण ठरवलेल्या अंशांइतकी मागे सरकली पाहिजे. मग फ्यूज काढा आणि रिले सुटतो का ते पाहा. या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका.